कितवा महिना?

मागच्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. लग्न होऊन ती आता खोपोलीला असते. बसली, पावसापाण्याची चौकशी केली आणि चहा निम्मा झाल्यावर कप खाली ठेवून म्हणाली, "बाई, तुमच्या पहिल्या खेपेला काहीतरी झालं होतं ना? आई म्हणते, तुम्ही लपवत नाही."

लपवत नाही हे खरं. आमच्या सासूबाईंनी लपवण्यासारखं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. या मुलीच्या पोटातल्या बाळाचा रिपोर्ट नीट आला नव्हता आणि काय करावं हे तिला सुचत नव्हतं. मी तिला आमचं सगळं पहिल्यापासून सांगितलं. मधे ती तीनदा हसली, आणि आपण हसलो याचं तिलाच नवल वाटलं. जाताना म्हणाली, "हे लिहून ठेवा." म्हणून लिहिते आहे. आजाराची माहिती डॉक्टर देतील. मी फक्त आमच्या घरात काय झालं ते सांगणार.

आम्ही तिघं

ही ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. माझं माहेर महाडचं, चवदार तळ्यापासून चार पावलांवर. सासर पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला, डोंगरातली एक वाडी. मी गावच्या शाळेत तिसरीला शिकवायचे. आमचे हे तहसील कचेरीत कारकून. जगातली कुठलीही अडचण योग्य खिडकीवर योग्य अर्ज दिला की सुटते, असा त्यांचा ठाम विश्वास होता. आणि सासूबाई. अंगानं एवढ्याशा, पण आवाज असा की त्यांची कुजबुज ओढ्यापलीकडे ऐकू जायची.

सासूबाईंचं माझं एकाच गोष्टीवरून वाजायचं. पाळी आली की चार दिवस पडवीत वेगळं बसायचं, ही त्या घरची रीत. शाळेत जायला त्यांची हरकत नव्हती. शाळेतून आले की मात्र पडवी, वेगळी चटई आणि वेगळं ताट. मी पदवीधर, मला राग यायचा. "आई, हे आता कुणी पाळत नाही," मी म्हणायचे. "महाडात नसतील पाळत," त्या म्हणायच्या, "हितं पाळतात." असा वर्षभर आमचा सामना बरोबरीत सुटत होता, तेवढ्यात मला दिवस गेले.

दोन डॉक्टर गप्प होतात तेव्हा

आषाढी एकादशी होऊन गेल्यावर थोडं रक्त गेलं. महाडच्या डॉक्टरीणबाईंनी आठवडाभर झोपवून ठेवलं आणि म्हणाल्या, "आता थांबलंय, पण मुंबईला जाऊन एकदा सोनोग्राफी करून या. मनाची खात्री." सोनोग्राफी हा शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकला. सासूबाईंनी त्याचं "पोटातला फोटू" करून टाकलं आणि आपणही येणार म्हणून जाहीर केलं. मुलाच्या भरवशावर सुनेला सोडणं त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी बरोबर तांदूळ, सुकट, आमसुलं आणि एक नारळ घेतला. हॉस्पिटलात जातोय की बारशाला, असा प्रश्न एसटीच्या कंडक्टरला पडला असावा.

मोठं सरकारी हॉस्पिटल होतं. ह्यांनी अर्ध्या तासात सगळ्या खिडक्या शोधून काढल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. केसपेपर काढताना एका शिकाऊ डॉक्टरनं विचारलं, "कितवा महिना?" मी सांगितलं, "सहावा लागलाय." त्यानं लिहून घेतलं.

आतली खोली अंधारी होती. पोटावर गार काहीतरी चोपडलं आणि पडद्यावर मुंग्या धावाव्यात तसे ठिपके दिसायला लागले. डॉक्टर आधी बोलत होत्या, कुठलं गाव, काय शिकवता. मग एकदम बोलायच्या थांबल्या. त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, तेही बघून गप्प झाले. पेपर तपासताना दोन मास्तर एकदम गप्प झाले की पोराचं काही खरं नसतं, हे मला धंद्यामुळे माहीत होतं. मी विचारलं, "काय चुकलंय?"

चुकलं होतं ते त्या विभागाच्या मोठ्या मॅडमनी आम्हाला तिघांना समोर बसवून सांगितलं. बाळाच्या डोक्याची कवटी तयारच झाली नव्हती, मेंदूही नाहीच म्हणावा असा. असं बाळ वाचत नाही. नऊ महिने भरले तरी जन्मल्यावर काही तास, फार तर एखादा दिवस.

"ऑपरेशन?" मी विचारलं.

"नाही."

"मॅडम, दुसरीकडे कुठे अर्ज... म्हणजे, दुसरीकडे दाखवलं तर?" हे म्हणाले. मॅडम त्यांना हसल्या नाहीत, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

"जरूर दाखवा," त्या म्हणाल्या. "उत्तर हेच येईल. यात हिचा काही दोष नाही, तुमचाही नाही. आता दोन वाटा आहेत. हे इथे थांबवता येईल, नाहीतर पुढे चालू ठेवता येईल. कुठलीही वाट घेतलीत तरी आम्ही बरोबर आहोत. पण थांबवायचं असेल तर वीस आठवड्यांच्या आत, आणि दोन डॉक्टरांच्या सह्यांनी. विचार करा."

त्या बोलत असताना बाळ हललं. दोनतीन दिवसांपूर्वीच ते हलतंय असं मला जाणवायला लागलं होतं. मला आधी रडू नाही आलं, आधी राग आला. इतकं सगळं सांगताहेत आणि हे आपलं खेळतंय, असा राग. मग रडू आलं.

वॉर्डातले दिवस

मला दाखल करून घेतलं. पहाटे साडेपाचला आयाबाई फिनेलचं पोतेरं मारत यायची आणि कॉटखाली काय काय ठेवलंय त्याची झडती घ्यायची. सासूबाईंची सुकट पहिल्याच दिवशी पकडली गेली. दुसऱ्या दिवशी आयाबाईच सासूबाईंना विचारत होती, "मावशे, ह्याहून बारीक कोलीम मिळतो का हो तुमच्याकडे?" नंतर किटलीतला चहा, थर्मामीटर, रक्तदाब आणि डॉक्टरांची फेरी. भीती वाटायला म्हणून निवांत वेळ मिळायचाच नाही.

शेजारच्या कॉटवर जुलेखा होती. ती निघाली महाडचीच. तिला आठवा महिना होता आणि रक्तदाब वाढला म्हणून झोपवून ठेवलेलं. नवरा कुवेतला. तो पत्र लिहीत नसे, कॅसेट भरून पाठवी, आणि जुलेखा ती दुपारी उशाशी लावायची. "जुलेखा, तू जेवलीस काय? दूध पितेस काय?" असं तो विचारायचा आणि मधे थांबायचा. तेवढ्या वेळात सबंध वॉर्ड एका सुरात म्हणायचा, "पिते हो!" माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट आठवड्यात मी रोज दुपारी पोट धरून हसत होते. हे सांगायला मला लाज वाटत नाही. हसण्यानं दुःख कमी झालं नाही, पण त्याच्या शेजारी बसता आलं.

बाकी वेळ आम्ही तिघं विचार करत होतो, म्हणजे भांडत होतो.

मला थांबवायचं होतं. पुढचे चारपाच महिने वाडीतल्या बायका माझी ओटी भरणार, हिरव्या बांगड्या घालणार, मुलगा की मुलगी म्हणून पैजा लावणार, आणि मी सगळं माहीत असून हसऱ्या तोंडानं बसणार. ते माझ्याच्यानं झालं नसतं. दुसरी कुणी असेल, जी म्हणेल की जितके दिवस आहे तितके दिवस माझं आहे. तिच्यापुढे मी हात जोडीन. मी ती नव्हते, एवढंच.

हे म्हणायचे, "तू म्हणशील तसं." पण आईकडे बघून म्हणायचे.

आणि सासूबाई म्हणायच्या, "जितकं दिलं तितकं घ्यावं. आपल्या हातानं नाय तोडायचं. आमच्यात असलं कुनी केलेलं नाय." तीन दिवस त्यांचं हेच. माझे पाय चेपता चेपता म्हणायच्या. त्यामुळे धड भांडताही येईना.

सहा खांब

चौथ्या दिवशी मोठ्या मॅडम फेरीला आल्या. मी त्यांना माझा विचार सांगितला. त्यांनी मान हलवली, केसपेपर उघडला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय? इथे सहावा महिना लिहिलाय. सहावा असेल तर वीस आठवडे होऊन गेले. मग मला करता येणार नाही."

मी कॉटवर उठून बसले.

"शेवटची पाळी कधी आली होती? तारीख सांगा."

तारीख मला ठाऊक नव्हती. तिसरीच्या बेचाळीस पोरांची हजेरी मी रोज घ्यायचे, स्वतःची कधी घेतली नव्हती.

"मग सहावा कशावरून म्हणालात?"

मी बोटांवर मोजून दाखवलं. आमच्याकडे सगळ्या बायका तसंच मोजतात. मार्चात शेवटची बसले होते, म्हणून मार्च, एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्ट. सहा.

"तुम्ही शिक्षिका ना?" मॅडम म्हणाल्या.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कुंपणाला सहा खांब असले तर मधले गाळे किती, हे गणित मी दर वर्षी तिसरीला घालायचे. सहा म्हणणाऱ्या पोराला उभं करायचे. आणि इथे मी खांब मोजून बसले होते.

"मार्चमध्ये कधी, ते महत्त्वाचं आहे," मॅडम म्हणाल्या. "सुरुवातीला असेल तर मुदत संपली. शेवटाला असेल तर अजून थोडे दिवस हातात आहेत. एरवी आम्ही बाळाच्या डोक्याच्या मापावरून ठरवतो. इथे तेच नाही. पोट बघून मला कमी दिवसांचं वाटतंय, पण माझ्या वाटण्यावर सही करता येत नाही. घरात कुणाला आठवतंय का?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या कॉटच्या पायथ्याशी माझ्या लुगड्याची घडी घालत होत्या. त्यांना आठवत असणार, हे मला माहीत होतं. मी कधी पडवीत गेले आणि कधी उठले, याची नोंद त्यांच्याइतकी कुणाकडे नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घडी खाली ठेवली आणि गॅलरीत निघून गेल्या.

"आईला आठवत असेल," हे हळूच म्हणाले.

"असेल," मी म्हटलं. विचारायला आम्ही दोघंही उठलो नाही. मॅडम पुढच्या कॉटकडे वळल्या. जुलेखानं हात लांब करून माझा हात धरला. मी मनात म्हटलं, झालं. आता चार महिने.

तेवढ्यात सासूबाई पदरानं तोंड पुसत आत आल्या. माझ्याकडे न बघता तडक मॅडमपर्यंत गेल्या.

"ओ डाक्टरीनबाई. लिवून घ्या. होळी जाळल्यापासून चौथ्या दिशी आमच्या वाडीत देवीची पालखी येते. आजची नाय, माज्या आजेसासूच्या येळेपास्नं चौथ्याच दिशी येते. ही त्याच दिशी सकाळी बाजूला बसली."

"आजी, नक्की?"

"नक्की म्हंजे?" आता आवाजाला चांगलीच धार चढली होती. "लग्नानंतरचा हिचा पैला शिमगा. नव्या सुनेनं देवीची ओटी भरायची. खन, नारळ, तांदूळ, समदं ताटात काढून ठेवलेलं. पालखी वाडीच्या तोंडाशी आली नि ही पडवीत! सगळ्या भावकीदेखत मला एकटीला ओटी भरावी लागली. मी इसरेन व्हय? वाडीत कुनालाबी इचारा. दोन म्हैने मी दुसरं काय बोलतच नव्हते!"

हे अगदी खरं होतं. ते दोन महिने ऐकून ऐकून माझे कान किटले होते. फक्त मी ते भांडण म्हणून ऐकलं होतं, तारीख म्हणून कधी ऐकलं नव्हतं.

सिस्टरनं ड्यूटी रूममधलं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवून आणलं. होळी शोधली, चार दिवस पुढे मोजले आणि तिथून मॅडमनी पेनाच्या टोकानं एकेक आठवडा मोजत आणला. सगळा वॉर्ड त्यांच्याबरोबर मनात मोजत होता. अठरा आठवडे आणि चार दिवस झाले.

"बसतंय," मॅडम म्हणाल्या. "पोटाशीही जुळतंय." आणि खोडून नवीन लिहिलं.

सही

दुपारी संमतीचा कागद आला. ह्यांनी सवयीनं खिशातलं पेन काढून टोपण उघडलंसुद्धा.

"तुमची नको," मॅडम म्हणाल्या. "कायद्याला हिचीच लागते."

"फक्त हिची? खाली साक्षीदार वगैरे?"

"नाही."

एवढ्या महत्त्वाच्या कागदावर एकच सही, हे कचेरीच्या माणसाला झेपेना. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. 

सासूबाई वाकून बघत होत्या. "म्हंजे हे हिला इचारतात?"

"हिलाच विचारायचं असतं, आजी."

त्यांनी कागदावर एकदा बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "मला सात झाली. व्हवं का नको, एकदा पन कुनी इचारलं नाय." आणि माझ्याकडे वळून, "कर गो सही. नीट वाचून कर. मगाशी मोजलंस तशी नको."

मी रडत होते आणि हसतही होते. तशीच सही केली.

पुढे खूप दिवसांनी मी त्यांना विचारलं, तुमचं मन कसं वळलं. "वळलं नव्हतंच," त्या म्हणाल्या. "पन म्हायती असून गप बसनं म्हंजे खोटंच की. आनि त्या खोट्यावर तुला चार म्हैने चालवायची?"

तो दिवस

फार लिहीत नाही. ज्यांच्यावर ही वेळ आहे त्यांना एवढंच सांगते की कळा येतात, खऱ्याच येतात, आणि औषध मागायला लाजू नये. सकाळी सुरू झालं, संध्याकाळच्या चहाच्या सुमाराला संपलं. सासूबाई सबंध दिवस उशाशी होत्या. हे बाहेर गॅलरीत. आत यायची परवानगी नव्हती आणि बहुतेक ते बरंच झालं, कारण आयाबाईनं सांगितलं की साहेब भिंतीकडे तोंड करून रडताहेत. त्या दिवशी जुलेखानं कॅसेट लावली नाही.

सिस्टरनं विचारलं, "बघायचंय का?" मी मान फिरवली. मला धैर्य झालं नाही. बघणाऱ्या बायका असतात, न बघणाऱ्याही असतात.

एक गोष्ट मला कुणीच आधी सांगितली नव्हती, म्हणून इथे लिहिते. तीन दिवसांनी मला दूध आलं. बाळ नाही आणि दूध आहे, याच्याइतकं एकटं मला कधीच वाटलं नाही. सासूबाईंनी जुनं पातळ फाडून छाती घट्ट बांधली आणि म्हणाल्या, "येडं असतंय ते. त्याला कोन सांगायला गेलंय." दोन दिवसांत ओसरलं.

वाडीत

घरी आल्यावर बायका भेटायला आल्या. प्रत्येकीकडे एकेक कारण तयार होतं. मी पपई खाल्ली होती, तिन्हीसांजेला चिंचेखालून आले होते, पोरांवर ओरडत होते. मी ऐकून घेत होते आणि आतून खचत होते. सासूबाईंनी दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी एक काकू म्हणाल्या, "डोकं नव्हतं म्हनतात, खरं काय? आनि घालवलंत?" सासूबाई चुलीपुढून उठल्याही नाहीत. "नव्हतं डोकं. तुज्या नवऱ्याला हाय, त्यानं काय उपेग केला ते सांग." काकूंसकट सगळ्या हसल्या. नंतर कुणी कारणं आणली नाहीत. चौघीजणी मात्र एकेकट्या येऊन, दार लोटून, आपापल्या गेलेल्या बाळाचं सांगून गेल्या. कुणाचं किती वर्षांपूर्वीचं, कुणाचं नाव ठेवलेलं, कुणाचं नवऱ्यालाही न सांगितलेलं. त्या वाडीत मी एकटी नव्हते.

दुसरा फोटू

दीड वर्षानं पुन्हा दिवस राहिले. या वेळी तारीख मी वहीत लिहिली होती, ह्यांनी कचेरीच्या डायरीत, आणि सासूबाईंनी नेहमीप्रमाणे डोक्यात. पुन्हा तिघं एसटीनं मुंबईला गेलो. त्या अंधाऱ्या खोलीत मी डोळे गच्च मिटून पडले होते. डॉक्टर बोलायच्या थांबल्या की माझा श्वास थांबायचा.

"उघडा डोळे," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "हे बघा डोकं. गोल, छान आहे."

हे दारातून म्हणाले, "मॅडम, लिहून मिळेल का?" या वेळी मात्र त्या मनसोक्त हसल्या. ती गोल डोक्याची मुलगी आता बँकेत आहे आणि मला हिशेब शिकवते.

परतीच्या एसटीत महाडला बरीच माणसं उतरली. हे पुढच्या बाकावर पेंगत होते. सासूबाई खिडकीशी होत्या. बिरवाडीचा फाटा मागे पडला तेव्हा त्या बाहेर बघत एकदम म्हणाल्या, "ती मुलगी व्हती गो."

मला कळेना कोण ते. मग कळलं.

"तू तोंड फिरवलंस, मंग मी गेले सिस्टरच्या मागनं. बोटं लांब व्हती, तुज्यावानी. मी पान्यानं पुसली. पातळाच्या तुकड्यात गुंडाळली. थोडा येळ घेऊन बसले नि मंग दिली."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला बघायचं नव्हतं. तुजं काय चुकलं नाय." त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "पन आली व्हती ना ती. कुनीतरी तिला बघायला पायजे व्हतं."